चेकरसाहेबांचा बॉयलर

बॉयलर गळतोय असं कोणालाही सांगा, समोरचा माणूस ठरलेलं वाक्य बोलतो, "मग नवा का नाही घेत?" जसं काही हे आम्हाला सुचलंच नव्हतं आणि तो बोलला म्हणून आमच्या डोक्यात उजेड पडला. मी उत्तर द्यायचं सोडून दिलंय. नुसती हसते, मनातल्या मनात म्हणते, एकदा आमच्या घरी या आणि माझ्या वडिलांशी बोलून बघा, आणि पुढच्या पेशंटला आत पाठवते. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. आमच्याकडे येणाऱ्यांचे गाल सुजलेले असतात, त्यामुळे खरं तर त्यांनी कमी बोलायला हवं. पण सल्ला द्यायला माणसाला दात लागत नाहीत.

माझे वडील बसमध्ये तिकीट चेकर होते. गल्लीत त्यांना अजूनही चेकरसाहेब म्हणतात. त्यांनी सगळी नोकरी लोकांच्या चेहऱ्याकडे बघण्यात काढली. बसमध्ये चढल्या चढल्या एक नजर फिरवायची, की तिकीट न काढलेला माणूस त्यांना कळायचा. आणि त्यांची एक पद्धत होती. प्रत्येकाला दोनदा विचारायचं. "तिकीट काढलंय?" तो म्हणायचा, "काढलंय." हे जरा थांबायचे आणि परत विचारायचे, "नक्की?" पहिलं उत्तर कोणीही देतो, दुसऱ्या उत्तराला खोटारडा अडखळतो, असं त्यांचं म्हणणं. नोकरी संपली, पद्धत घरी आली. खरं तर ती आधीपासूनच घरात होती. गॅस बंद केलास? केला. नक्की? कडी घातलीस? घातली. नक्की? आई होती तेव्हा ती पहिल्या वेळी तोंडच उघडायची नाही. म्हणायची, "दुसऱ्यांदा विचारा, मग एकदमच सांगते."

तर हा असा माणूस, आणि त्याचा तो बॉयलर.

स्वयंपाकघराच्या मागे एक अरुंद खोली आहे. तिथे कपडे धुवायचं मशीन, झाडू, जुने बूट, आणि भिंतीवर बॉयलर. मी शाळेत असताना बसवलेला. नळांना गरम पाणी तोच देतो आणि खोल्या गरम ठेवणारे भिंतींवरचे रेडिएटरही तोच तापवतो. हिवाळ्यात तो बंद असला तर आमच्या घरात बोलताना तोंडातून वाफ निघते. पाइपांतून तेच पाणी गोल गोल फिरत असतं. त्या पाण्याचा दाब दाखवायला एक काटा आहे, दाब कमी झाला तर पाणी भरायला खाली एक छोटा नळ आहे, आणि बाजूला एक सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. या व्हॉल्व्हची नळी खरं तर भिंतीतून बाहेर काढायची असते. आमच्याकडे बसवणाऱ्याने आळस केला आणि ती खोलीतच लोंबकळत सोडली. हा व्हॉल्व्ह गळायला लागला.

नुसतं गळणं असतं तर मी एवढा त्रागा केला नसता. पण थंडी सुरू व्हायच्या आधी दादा जेवायला आला होता. दादा माझा मोठा भाऊ, शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत राहतो. जेवता जेवता तो म्हणाला, "बाबा, हा बॉयलर या हिवाळ्यात बंद पडला तर नवा बसवायचा नाही. हे घर विकायचं आणि तुम्ही माझ्याकडे यायचं. हिच्यासाठी दवाखान्याजवळ छोटी जागा बघू." मी चमचा खाली ठेवला. आता बाबा भडकणार म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना याच घरात राहायचं आणि याच घरात मरायचं होतं, हे ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे. आणि माझं म्हणाल, तर माझा जन्म याच घरातला. लग्न केलं नाही, आणि त्या विषयावर बोलून बोलून सगळे कधीच दमले. पण बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "चालेल. बंद पडला तर ना? पडणारच नाही." आणि आणखी भात वाढून घेतला. झालं. आमचं घर त्या दिवसापासून त्या भिंतीवरच्या डब्याला टांगलं गेलं.

आधी थेंब पडायचे. मी वाटी ठेवली. वाटीचं पातेलं झालं, पातेल्याची बादली झाली. सकाळी दवाखान्यात जाण्याआधी बादली ओतायची, आल्या आल्या पर्स खांद्यावर असतानाच बादली ओतायची, झोपायच्या आधी परत. माझी कंबर धरली. खोलीतली फळ्यांची जमीन फुगली, दार घासायला लागलं, ते उघडायला खांद्याने धक्का द्यावा लागायचा. डॉक्टरांनी बाबांना वजन उचलायला मनाई केलेली, त्यामुळे ते मागे उभे राहून देखरेख करायचे. "सांडू नकोस." "नाही सांडत, बाबा." "नक्की?" एखाद दिवशी ती बादली मी त्यांच्या पायांवरच ओतली असती.

पहिला प्लंबर आला तो कानात इअरफोन घालून आला. बाबांना ते पहिल्या क्षणापासून खटकलं. ते टॉर्च घेऊन त्याच्या पाठीशी उभे राहिले. "हा स्क्रू कुठून काढलात? कुठे ठेवलात? नक्की तिथेच ठेवलात?" बिचारा घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "आजोबा, एक तर तुम्ही काम करा नाहीतर मी करतो." आणि पिशवी उचलून गेला. बाबा खूश. म्हणाले, "बघितलंस? सरळ माणूस टॉर्चला घाबरत नाही."

दुसरा जरा पक्का होता. त्याने बाबांकडे लक्षच दिलं नाही, जुना व्हॉल्व्ह काढला, नवा चकचकीत बसवला आणि गेला. पाणी थांबलं. मला इतका आनंद झाला की मी बादली धुऊन उन्हात वाळत ठेवली. कशाचं काय, आठवडा जेमतेम गेला असेल, नवा व्हॉल्व्हही गळायला लागला, जुन्यापेक्षा जोरात. मी त्याला फोन केला तर म्हणाला, "व्हॉल्व्ह नवा आहे, म्हणजे दोष बॉयलरचा. जुना झालाय, काढून टाका." बाबांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला, विचारलं, "तुमचे वडील किती वर्षांचे आहेत हो?" आणि ठेवून दिला.

त्या दिवशी मात्र माझा तोल सुटला. मी म्हटलं, "बाबा, मला वैताग आलाय. माणसं हाकलायची तुम्ही आणि पाणी ओतायचं मी. हा बॉयलर बंद पडला तर दादा येऊन तुम्हाला घेऊन जाईल, तेव्हा टॉर्च घेऊन त्याच्या मागे उभे राहणार आहात का?" ते रागावले नाहीत. उलट माझीच समजूत घातल्यासारखं म्हणाले, "अगं, मी रोज सकाळी काटा बघतो. खाली आलेला असला की थोडं पाणी भरतो. मी लक्ष ठेवतो म्हणून तर चाललंय. नाहीतर कधीच बंद पडला असता." हे मला पटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. मी दिवसभर घराबाहेर, निदान घरात कोणीतरी लक्ष ठेवणारं आहे.

मग दादाचा फोन आला. "रविवारी दुपारी येतो. बॉयलर बघायचाय." याला कोणी सांगितलं? दुसरं कोण असणार? बाबा त्याला रोज फोन करतात आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. घर वाचवायचं तर आहे म्हणे, आणि बातमी स्वतःच पोचवायची. मी कपाळावर हात मारून घेतला.

दवाखान्यात दाढ भरायला येणाऱ्या एका बाईंनी मला एका प्लंबरबाईंचा नंबर दिला. मी हातापाया पडून त्यांना रविवारी सकाळी बोलावलं, दादाच्या आधी. ठेंगण्या, दणकट बाई, चष्मा कपाळावर चढवलेला. दारातच बाबांनी ओळखपत्र मागितलं. त्यांनी काढून दिलं. बाबांनी उलटंपालटं करून बघितलं. "फोटोत चष्मा नाही."

"फोटोत मी बारीकही आहे, काका," त्या म्हणाल्या आणि आत शिरल्या.

बाबा टॉर्च घेऊन मागे. "हे काढताय ते परत बसवणार ना?"

"नाही, घरी नेऊन लोणचं घालणार आहे. टॉर्च जरा इकडे धरा, उजेड पडू दे."

बाबांनी मुकाट्याने टॉर्च धरला. त्यांना असं कोणी कामाला लावलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

बाईंनी काट्यावर टिचकी मारली. काटा हलला नाही. पुन्हा मारली. मग त्यांनी पिशवीतून स्वतःचा काटा काढून पाइपाला जोडला, तर तो एकदम लाल पट्ट्याच्या पार पलीकडे गेला. "तुमचा काटा मेलाय," त्या म्हणाल्या. "खाली अडकून बसलाय. आत पाणी कोंबून भरलंय आणि हा सांगतोय कमी आहे. व्हॉल्व्हला कशाला शिव्या देताय? तो जास्तीचं पाणी बाहेर टाकतोय, त्याचं कामच ते. तुम्ही भरताय म्हणून तो टाकतोय. तो टाकतोय म्हणून तुम्ही परत भरताय."

मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे बाबा नळाने आत भरत होते आणि मी तेच पाणी बादलीतून बाहेर नेत होते. अख्खा हिवाळा आम्ही दोघांनी हा उद्योग केला.

पण बाई बादलीकडे बघत होत्या. "एवढं पाणी एकदा भरून येत नाही. काका, दिवसातून किती वेळा भरता?"

"एकदा. सकाळी. थोडंसंच."

बाई जरा थांबल्या. "नक्की?"

बाबांचा चेहरा खुलला. आपल्याला कोणीतरी आपल्याच पद्धतीने विचारलं म्हणून असेल. "नक्की," ते म्हणाले, बाईंच्या डोळ्यांत बघून, जराही न अडखळता.

बाईंनी जास्तीचं पाणी काढलं, व्हॉल्व्ह उघडून आतली घाण साफ केली, पिशवीतला चांगला काटा मेलेल्या काट्याच्या जागी बसवला. काटा हिरव्या पट्ट्यात उभा राहिला. नळी पुसून कोरडी केली. "आता थोडा वेळ वाट बघू. थेंब आला नाही तर काम झालं. आणि त्या नळाला कोणी हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू?" बाबा म्हणाले.

मी चहा टाकला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. बाबा बाईंना बसमधले किस्से सांगत होते. मध्येच उठले, "जरा बघून येतो," म्हणाले, मागच्या खोलीत जाऊन आले आणि परत बसले. मी म्हटलं, चेकरच तो, बघितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. चहा गाळून कप पुढे ठेवले. बाबांनी दोन घोट घेतले आणि परत उठले. "जरा बघून येतो." या वेळी पाइपातून बारीक सूं असा आवाज आला. बाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तो आवाज मगाशीही आला होता, माझं लक्ष नव्हतं.

मी दाराला धक्का देऊन आत गेले. बाबांचा हात नळावर होता. पाणी आत जात होतं आणि नवा काटा हिरव्या पट्ट्यातून केव्हाच बाहेर गेला होता.

"बाबा, हे काय करताय?"

"रोजचं भरतोय. सकाळपासून राहूनच गेलं आज."

"अहो, आत्ता चहाच्या आधी भरलंत. त्यांनी सांगितलं ना, हात लावायचा नाही म्हणून."

"कोणी सांगितलं?"

बाबा खोटं बोलतात तेव्हा छताकडे बघतात. डॉक्टरांनी बंद केलेली बिस्किटं खाल्ली की कशी छताकडे नजर जाते ते मला चांगलं माहीत आहे. आत्ता ते सरळ माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच लपवलेलं नव्हतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवून नळ बंद केला. जन्मभर जो माणूस प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत आला, तो आता सवयीने नाही, विसरतो म्हणून विचारतोय हे मला कळायला हवं होतं, आणि ते मला कळलं नव्हतं. किती दिवस? किती महिने? मला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, त्या बाईंचासुद्धा आला.

तेवढ्यात बेल वाजली. दादा ठरल्यापेक्षा लवकर आला होता.

तो बूट काढत होता, बाबा त्याला हवापाणी विचारत होते, तेवढ्या वेळात बाईंनी जास्तीचं पाणी पुन्हा काढून टाकलं, पान्याने त्या नळाची मूठच काढली आणि माझ्या हातात दिली. दादा आत आला. काट्याकडे बघितलं, कोरड्या नळीकडे बघितलं. "काय झालं होतं?"

बाईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी बोलले. "माझीच चूक. मी सारखं पाणी भरत होते. आंघोळीच्या आधी, आंघोळीनंतर, संध्याकाळी आल्यावर. मला वाटायचं दाब कमी झालाय."

बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "ताईंना सांगितलंय मी. बॉयलर ठणठणीत आहे." पिशवी उचलली आणि निघाल्या.

बाबांना जोर चढला. "हे तुझं काम होतं होय? आणि मी इथे रोज डोळ्यांत तेल घालून बघतोय. अगं, विचारायचं तरी. एवढा मी घरात बसलोय, मला विचारायचं. मशीनला असा ज्याने त्याने हात लावायचा नसतो." त्यांना ते खरंच वाटत होतं. आणि मी मान खाली घालून ऐकून घेत होते, शाळेतल्या मुलीसारखी. दातओठ खाऊन गप्प बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं.

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. बॉयलर चालू आहे, म्हणजे ठरल्याप्रमाणे तुम्ही इथेच, बाबा."

"मग? मी म्हटलंच होतं."

"हिला हात लावू देऊ नका आता. तुम्हीच लक्ष ठेवा सगळ्यावर. गॅस, पाणी, सगळ्यावर."

"ते तू सांगायला नको."

दादा चहाही न घेता निघाला. मी स्वयंपाकघरात उभी होते. घर वाचलं होतं. मी ज्यासाठी हिवाळाभर बादल्या उचलल्या ते झालं होतं, आणि मला नुसती भीती वाटत होती. उद्या सकाळी मी दवाखान्यात जाणार. नळाची मूठ माझ्याकडे आहे, पण गॅसच्या शेगडीची बटणं मी कुठे कुठे घेऊन फिरणार?

मी तशीच चपला अडकवून रस्त्यावर धावले. दादा गाडीपाशी पोचला होता, पण दार उघडून नुसताच उभा होता.

"दादा, पाणी मी भरत नव्हते."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"तुला कसं माहीत?"

"मला रोज सकाळी त्यांचा फोन येतो," तो म्हणाला. "बॉयलरमध्ये पाणी भरलं म्हणून सांगतात. थोड्या वेळाने परत येतो. मग परत. शब्दसुद्धा तेच."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस? बॉयलर बंद पडला तर घर विकायचं, हे नाटक कशाला केलंस मग?"

"बॉयलरचं निमित्त पुढे केलं तर बाबा ऐकतील तरी असं वाटलं. त्यांना तोंडावर काय सांगू? आणि तू रोज त्यांच्याबरोबर असतेस. मला वाटलं, तुला केव्हाच कळलंय आणि तू लपवतेयस. आत्ताही लपवलंसच की. तू काही बोलतेस का, तेच बघत होतो मी."

मला इतका संताप आला की त्याच्या गाडीवर लाथ मारावीशी वाटली. इकडे माझी कंबर मोडतेय आणि हा तिकडे फोन ऐकत बसलाय. मी त्याला वाट्टेल ते बोलले. रस्त्यावरून जाणारा एक माणूस वळून बघायला लागला तरी थांबले नाही. दादा ऐकत राहिला. शेवटी माझं बोलणं संपलं तेव्हा तोंडातून एवढंच निघालं, "मला खरंच माहीत नव्हतं रे. मी त्यांच्याबरोबर राहते आणि मला माहीत नव्हतं."

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "चल. आज दोघं मिळून बोलू त्यांच्याशी. डॉक्टरकडेही दोघंच नेऊ. घराचं नंतर बघू." त्याने गाडीचं दार लावलं आणि आम्ही परत निघालो.

दार बाबांनीच उघडलं. त्यांनी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चष्म्यावरून, अगदी पूर्वी बसमध्ये बघायचे तसं. मग हसले आणि दादाला म्हणाले, "परत आलास? काय विसरलास?"

दादाने खाली वाकून बूट काढायला घेतले.